क्रूझवर मोठी केबिन घ्यावी का? पैसे वसूल होतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझची तारीख ठरते, मार्ग ठरतो, सुट्ट्या मंजूर होतात आणि मग सगळं अडतं ते केबिनवर. इंटिरियर, खिडकीवाली, बाल्कनी की एकदाच होऊ दे खर्च म्हणून सुइट? माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. स्क्वेअर फूट बघून पैसे टाकू नका, उजेडात तुम्ही खोलीत किती वेळ असणार आणि एका बाथरूमच्या रांगेत किती माणसं उभी राहणार, या दोन गोष्टी बघून टाका. बाकी सगळं ब्रोशरवाल्यांचं काम आहे.

केबिनचे प्रकार किती आणि खरंच किती मोठ्या असतात?

मोटामोटी चार. इंटिरियर म्हणजे खिडकीच नाही, ओशन व्ह्यू म्हणजे खिडकी आहे पण उघडत नाही, मग बाल्कनी, आणि मग सुइट. हल्लीच्या मोठ्या जहाजांवर साधी इंटिरियर साधारण १५० ते १८० स्क्वेअर फूट असते, म्हणजे डोंबिवलीच्या जुन्या चाळीतली १० बाय १५ ची एक खोली डोळ्यासमोर आणा आणि त्यातच बाथरूम, कपाट, डबल बेड बसवा. बाल्कनी केबिन आतून फार मोठी नसते बरं का, तीसेक फूट इकडेतिकडे, जास्तीचे पैसे असतात ते बाहेरच्या ४०-५० फुटांच्या गॅलरीचे. खरी मोठी जागा सुरू होते सुइटपासून, साधारण ३०० च्या आसपास, आणि वरती मग काही मर्यादाच नाही. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजावर तीन मजली फॅमिली टाउनहाउस आहे, १,७७२ स्क्वेअर फूट, आत घसरगुंडीसकट. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं घर तेवढं नाही.

खोलीत असतो कुठे आपण, फक्त झोपायला तर जायचं, मग कशाला जास्त पैसे?

हे वाक्य अर्धं खरं आहे. ज्या दिवशी जहाज बंदराला लागतं त्या दिवशी तुम्ही सकाळी नाश्ता करून बाहेर, संध्याकाळी दमून परत, आंघोळ, जेवण, शो, झोप, खोली दिवसा बघितलीच जात नाही. पण सी डे असला, म्हणजे पूर्ण दिवस समुद्रातच, तर गणित बदलतं. पूलवर खुर्ची मिळत नाही, बुफेत गर्दी, कुठेतरी डीजे चालू, अशा वेळी दुपारी दोन तास आपल्या खोलीत शांत पडायला मिळणं ही चैन नाही, गरज वाटायला लागते. म्हणून बुक करायच्या आधी कार्यक्रम काढून सी डे मोजा. एकही नसेल तर इंटिरियर घ्या आणि उरलेले पैसे फिरण्यात घाला. दोन-तीन असतील तर मग बाल्कनीचा विचार करायला हरकत नाही.

मुंबई-गोवा कॉर्डेलियाला बाल्कनी घ्यावी का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० सालचं आहे, फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं आणि २०२१ पासून ते इथे चालतंय. तेव्हाच्या जहाजांवर केबिना लहान ठेवायची पद्धत होती आणि प्रत्येकाला बाल्कनी ही फॅशन अजून यायची होती. त्यामुळे एम्प्रेसवर साध्या खोल्या आजच्या हिशोबाने खूपच लहान आहेत, दोघांच्या दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही, आणि बाल्कनी हवी असेल तर मिनी सुइट किंवा सुइटच घ्यावा लागतो, मधली स्वस्त बाल्कनी हा प्रकारच नाही. म्हणून उडी एकदम मोठी वाटते.

आता त्या बाल्कनीतून दिसणार काय ते बघा. मुंबईहून संध्याकाळी निघाल्यावर पहिला तास-दीड तास खरा मजेचा, गेटवे, कुलाबा, प्रॉंग्जचा दीपस्तंभ, पण ते बघायला सगळं जहाज वरच्या डेकवर जमलेलं असतं आणि तिथून चारी बाजूंनी दिसतं, खोलीतून एकाच बाजूचं. त्यानंतर अंधार. रात्रीचा समुद्र बाल्कनीतून बघायला गेलात तर काळं दिसतं, बाकी काही नाही, वारा आणि आवाज मात्र छान. जहाज किनाऱ्यापासून लांबून जातं त्यामुळे कोकणचे दिवे दिसतील, मालवण ओळखता येईल वगैरे स्वप्नं बघू नका. गोव्याला दिवसभर तुम्ही बाहेर, परत रात्री प्रवास. दोन रात्रींच्या ट्रिपला उजेडात बाल्कनी वापरायला मिळते ती फार तर तीन-चार तास.

समजा फरक माणशी १५ हजार आहे, दोघांचे ३० हजार, आणि बाल्कनीत उजेडी सहा तास बसलात (मी उदार होऊन सहा धरतेय), तर तासाला ५ हजार पडले. त्या पैशात गोव्यात एखादी रात्र जास्त राहून, नीट मासे खाऊन याल.

लक्षद्वीपची ट्रिप असेल तर माझं उत्तर वेगळं आहे. तिथे जाताना पूर्ण दिवस समुद्रात जातो, पाणी निळंशार होत जातं आणि बेटांजवळ जहाज लांबच नांगर टाकून उभं राहतं, माणसं छोट्या बोटींनी जातात. अशा वेळी स्वतःची बाल्कनी असली तर खरंच मजा येते. परवडत असेल तर घ्या, कर्ज काढून नको.

कुठल्या बाजूची केबिन चांगली, डावी की उजवी?

मुंबईहून दक्षिणेला जाताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे सूर्यास्त उजव्या बाजूच्या खोल्यांना, ज्याला जहाजावर स्टारबोर्ड म्हणतात. परत येताना उलटं, डावीकडे, म्हणजे पोर्ट साइडला. जाऊन-येऊन सारखंच झालं, यावरून नवरा-बायकोत वाद घालू नका. एकाच दिशेने जाणारी क्रूझ असेल तरच बाजूला महत्त्व आहे, ते खाली अलास्काच्या प्रश्नात आहे.

सिंगापूरहून जाणाऱ्या क्रूझला काय घ्यावं?

टूर कंपन्यांच्या सिंगापूर-मलेशिया पॅकेजमध्ये जी जोडलेली असते ती बहुतेक वेळा दोन-तीन रात्रींची. गेंटिंग ड्रीम हे २०१६ चं जहाज आहे, दीड लाख टनांचं, त्यावर बाल्कनी केबिना भरपूर आहेत त्यामुळे इंटिरियर आणि बाल्कनीतला फरक एम्प्रेससारखा अंगावर येत नाही. फरक कमी असेल तर घ्या, ट्रिपची पहिलीच क्रूझ आहे, हौस होऊन जाऊ दे. सुइट मात्र तीन रात्रींसाठी कशाला ते मला आजवर कळलेलं नाही, तिथे पॅलेस म्हणून वेगळा भाग आहे, स्वतंत्र पूल, बटलर वगैरे, पण पहिल्या दिवशी चढेपर्यंत दुपार आणि शेवटच्या दिवशी सकाळीच उतरायचं, बटलरचं नाव लक्षात राहीपर्यंत बॅग भरायची वेळ येते.

रॉयल कॅरिबियनचं क्वांटम वर्गातलं जहाज मिळालं तर त्यातल्या इंटिरियरमध्ये भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत स्क्रीन असते आणि बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र त्यावर लाइव्ह दिसतं, व्हर्च्युअल बाल्कनी म्हणतात. ऐकायला खुळचट वाटतं पण सकाळी उठल्यावर बाहेर उजाडलंय की नाही एवढं कळतं आणि ते पुरतं.

अमेरिकेत मुलाकडे जातोय, तो अलास्का क्रूझ म्हणतोय आणि बाल्कनीच घेऊ म्हणतोय. उगाच खर्च करतोय का?

नाही, इथे मुलाचं ऐका. बे एरिया, सिएटलमधली आपली मंडळी आई-बाबा उन्हाळ्यात आले की त्यांना अलास्काला नेतात आणि मी ज्या ज्या मार्गांबद्दल बोलते त्यात बाल्कनी सगळ्यात जास्त वसूल होते ती इथेच. कारणं सरळ आहेत. इनसाइड पॅसेजमधून जाताना दोन्हीकडे डोंगर, जंगल, धबधबे, म्हणजे समुद्रातून जातानाही सतत बघण्यासारखं काहीतरी असतं. जूनमध्ये तिकडे उजेड रात्री खूप उशिरापर्यंत राहतो त्यामुळे जेवणानंतरही बाल्कनी कामाला येते. आणि थंडी. वरच्या उघड्या डेकवर हिमनदी बघत दोन तास उभं राहणं साठीच्या पुढच्या माणसाला जड जातं, खोलीच्या बाल्कनीत शाल पांघरून बसा, गारठलात की आत या, चहा प्या, परत बाहेर जा. देवमासा दिसला असं अनाउन्समेंट झाल्यावर धावत लिफ्ट गाठायची गरज नाही, जरी धावत जाणाऱ्यांनाही तो बहुतेक वेळा दिसतोच.

बाजूचं म्हणाल तर ग्लेशियर बेसारख्या ठिकाणी हिमनदीसमोर जहाज हळूहळू गोल फिरतं म्हणजे दोन्ही बाजूंना दिसावं, त्याची चिंता नको. सिएटलहून जाऊन परत सिएटललाच येणाऱ्या क्रूझला बाजू कुठलीही चालते. व्हँकुव्हरहून वर सेवर्ड किंवा व्हिटियरपर्यंत एका दिशेने जाणारी असेल तर उजवी बाजू घ्या, किनारा तिकडे. आणि हो, केबिनशी संबंध नाही पण इथे सांगायलाच हवं, सिएटलहून निघणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे त्यापायी त्यांना परदेशी बंदर घ्यावंच लागतं. भारतीय पासपोर्टवर असाल तर कॅनडाचा व्हिसा आधी बघा. बाल्कनीचे पैसे भरून बंदरावरूनच परत यायला नको.

आम्ही चौघं आहोत, दोन मुलं. एक मोठी केबिन बरी की दोन छोट्या?

माझं उत्तर जवळजवळ नेहमी दोन छोट्या, शक्यतो आतून दार असलेल्या, ज्यांना कनेक्टिंग म्हणतात. कारण एकच, दोन बाथरूम. सकाळी सात वाजता बंदराला उतरायचंय, चार माणसं, एक बाथरूम, त्यातला एक टीनएजर, पुढचं मी सांगायला नको. कितीही मोठी खोली घ्या, ती रांग काही कमी होत नाही.

पण हिशोब नीट करा, कारण क्रूझचे दर हॉटेलसारखे नसतात. पहिल्या दोन माणसांना पूर्ण भाडं, आणि त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी. दोन खोल्या घेतल्या की चौघंही पहिले-दुसरे होतात, म्हणजे सगळ्यांना पूर्ण भाडं. समजा इंटिरियरला माणशी ३० हजार आणि तिसऱ्या-चौथ्याला १८ हजार. एका खोलीत चौघं म्हणजे ९६ हजार. दोन इंटिरियर म्हणजे १ लाख २० हजार. आणि मिनी सुइट माणशी ६० हजार धरला, वर तिसरा-चौथा १८-१८, तर १ लाख ५६ हजार. म्हणजे दोन खोल्या घेऊनही मिनी सुइटपेक्षा ३६ हजार वाचले, आणि बाथरूम दोन, टीव्ही दोन, मुलं झोपल्यावर तुम्हाला गप्पा मारायला जागा. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या तारखेचे दर घालून हीच बेरीज करा. कधीकधी उलटंही येतं, विशेषतः मुलं फ्री अशी ऑफर असली तर.

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर गोष्ट वेगळी, त्याला दुसऱ्या खोलीत ठेवणार नाही, तेव्हा एकच घ्या. एका खोलीत चार म्हणजे दोन बेड वरून खाली उघडणारे, भिंतीतून किंवा छतातून, ट्रेनच्या वरच्या बर्थसारखे, शिडी लावून चढायचं. मुलांना प्रचंड आवडतात. मोठ्यांनी डोकं सांभाळायचं.

बऱ्याच कंपन्यांत कागदावर प्रत्येक खोलीत एक मोठा माणूस दाखवावा लागतो. आई एका खोलीत, बाबा दुसऱ्या, असं बुक करा, आत गेल्यावर रिसेप्शनला सांगून जास्तीच्या चाव्या घ्या, कोण कुठे झोपतं ते कुणी बघायला येत नाही.

खोलीत चार बेड दिसतात पण वेबसाइट चौघांना देतच नाही, असं का?

लाइफबोटमुळे. प्रत्येक भागातल्या माणसांना ठरलेली बोट असते आणि तिथली माणसं भरली की त्या भागातल्या खोल्यांमध्ये तिसरा-चौथा बंद. खोली रिकामी असली तरी. म्हणून चौघांनी एकाच खोलीत जायचं असेल तर लवकर बुक करा, असल्या खोल्या आधी संपतात.

मिनी सुइट, ज्युनिअर सुइट म्हणजे सुइटच ना?

नाही हो. बहुतेक जहाजांवर ती एक जरा मोठी बाल्कनी खोली असते, सोफा थोडा लांब, कपाट थोडं मोठं, बाथरूममध्ये कदाचित टब. मध्ये भिंत नाही, वेगळी बेडरूम नाही. सुइटच्या नावाने जे फायदे सांगतात, वेगळं रेस्टॉरंट, लाउंज, बटलर, ते यातल्या बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत किंवा अर्धेमुर्धे मिळतात. त्या त्या जहाजाचं पान उघडून या खोलीला नक्की काय मिळतं ते वाचा, एजंटच्या "सुइट आहे सर" वर जाऊ नका.

मग खऱ्या सुइटचे पैसे कधी वसूल होतात?

जेव्हा जहाज खूप मोठं आणि गर्दीचं असतं तेव्हा. पाच-सहा हजार प्रवासी असलेल्या जहाजावर लोक सुइट घेतात ते खोलीसाठी नाही, गर्दी टाळण्यासाठी. नॉर्वेजियन कंपनीचं द हेवन, एमएससी कंपनीचं यॉट क्लब हे म्हणजे जहाजाच्या आत वेगळं छोटं जहाजच, स्वतःचा पूल, स्वतःचं रेस्टॉरंट, चढताना-उतरताना रांग नाही. सात रात्रींची भूमध्य समुद्राची क्रूझ, सोबत सत्तरीतले आई-वडील, बजेट आहे, तर मी नाही म्हणणार नाही. पण आधी त्याच पैशात दुसऱ्या एखाद्या लहान, शांत जहाजावर साधी बाल्कनी मिळते का ते बघा. बऱ्याचदा मिळते, आणि तिथे गर्दीच नसते तर गर्दीतून पळायला पैसे का द्यायचे.

तुम्ही जर दिवसभर स्लाइड, शो, कॅसिनो, डान्स असं करणारे असाल तर सुइट वाया. थिएटर तेच, मोठा पूल तोच, बुफेतला पनीरही तोच.

मला प्रवासात मळमळतं. मोठी केबिन घेतली तर त्रास कमी होईल का?

उलट जास्त होऊ शकतो! जहाज डुलतं तेव्हा सगळ्यात कमी हालचाल असते ती खालच्या मजल्यावर आणि लांबीच्या मध्यभागी. आणि महागड्या मोठ्या खोल्या असतात वरच्या डेकवर, पुष्कळदा अगदी पुढच्या किंवा मागच्या टोकाला, जिथे झोका जास्त बसतो. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त हलणारी खोली. तुम्हाला घाटात गाडी लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकीवाली खोली घ्या, क्षितिज दिसलं की डोकं जरा ताळ्यावर राहतं. एवोमिन वगैरे डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा. मोठी जहाजं तशी कमी हलतात आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो तेव्हा कॉर्डेलियाचं जहाज आपल्या बाजूला नसतंच, पूर्व किनाऱ्याला असतं, त्यामुळे फार घाबरूही नका.

आजी-आजोबांसाठी कुठली?

खिडकीवाली, लिफ्टपासून जवळ पण अगदी चिकटून नाही. खिडकी अशासाठी की इंटिरियरमध्ये लाइट बंद केला की इतका मिट्ट काळोख होतो की रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती, आणि सकाळ झाली की नाही तेही कळत नाही. बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, चांगला उंच, ते त्यांना आधीच दाखवून ठेवा. व्हीलचेअर असेल तर साध्या खोलीचं दार बऱ्याचदा पुरत नाही, त्यासाठी ॲक्सेसिबल केबिन असतात, दार रुंद, बाथरूम सपाट, पकडायला दांड्या, आणि गंमत म्हणजे त्या त्याच वर्गाच्या साध्या खोलीपेक्षा खूप मोठ्या असतात. म्हणून काही लोक गरज नसताना त्या घ्यायला बघतात. तसं करू नका, थोड्याच असतात आणि ज्यांना खरंच लागतात त्यांची ट्रिपच होत नाही.

इंटिरियरमध्ये गुदमरल्यासारखं होतं का?

हवा मस्त असते, एसी चालू असतो, तो प्रश्न नाही. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी मात्र घेऊ नये, लिफ्टमध्ये घाबरता का ते स्वतःला विचारा. बाकीच्यांना एक युक्ती, बहुतेक जहाजांवर टीव्हीवर एक चॅनल असतं ज्यावर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं. रात्री आवाज बंद करून ते लावून ठेवा, पहाटे आपोआप खोलीत उजेड येतो. फुकटची खिडकी. ज्यांना दुपारी झोपायची सवय आहे त्यांच्यासाठी तर इंटिरियर म्हणजे स्वर्ग.

बाल्कनीत कपडे वाळत घालता येतील ना?

मला माहीत होतं कुणीतरी विचारणार. नाही. वारा एवढा असतो की टॉवेल खालच्याच्या बाल्कनीत नाहीतर थेट समुद्रात. बाथरूममध्ये बऱ्याचदा ओढून काढायची दोरी असते तिचा वापर करा. सिगरेटही बहुतेक कंपन्यांच्या बाल्कनीत चालत नाही, दंड बसतो. उदबत्ती, निरांजन कुठल्याच खोलीत नाही, सुइटमध्येसुद्धा नाही, जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी असते. नुसता नमस्कार करा, देव समजून घेतो.

मोठ्या केबिनमध्ये किटली आणि जेट स्प्रे मिळतो का?

किटलीचं जहाजावर अवलंबून आहे, ब्रिटिश कंपन्यांच्या साध्या खोलीतही असते, अमेरिकन कंपन्यांकडे बहुतेक नसते, वरच्या सुइटमध्ये कॉफी मशीन असतं पण त्याने आपल्या चहाचं काय होणार. घरून किटली किंवा इस्त्री न्यायला बंदी असते, बॅगेतून काढून घेतात. जेट स्प्रे बहुतेक परदेशी जहाजांवर कितीही मोठी खोली घेतली तरी नाही. प्लास्टिकचा मग घरून न्या, त्यावर बंदी नाही.

एकट्याने जायचंय, दुप्पट भाडं सांगतात, ते खरं का?

खरं आहे, खोली दोघांची धरलेली असते म्हणून एकट्याकडून कधीकधी दोघांचं भाडं घेतात. त्यामुळे एकट्याने मोठी खोली म्हणजे तो फरकही दुप्पट. काही जहाजांवर एकट्यासाठी स्टुडिओ असतात, नॉर्वेजियन एपिकवर २०१० साली आले, १२८ खोल्या, प्रत्येकी १०० स्क्वेअर फूट आणि त्या सगळ्यांना मिळून एक लाउंज. खोली इवलीशी, पण लाउंजमध्ये ओळखी होतात. एकट्याने जाणाऱ्याला बाल्कनीपेक्षा ते जास्त कामाचं असं मला वाटतं.

हनिमून आहे.

घ्या बाल्कनी, हिशोब नंतर करा.

डेक प्लॅन बघायला सांगतात, त्यात बघायचं काय?

आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर डोळे मिटून घ्या. वर पूल डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवायचे आवाज. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री एकपर्यंत धडधड. बुफेच्या किचनखाली असेल तर ट्रॉल्या. मी तर म्हणेन आवाजाच्या जागी असलेल्या सुइटपेक्षा शांत जागेतली इंटिरियर लाख पटीने बरी. खिडकीवाली घेताना ऑब्स्ट्रक्टेड लिहिलंय का बघा, म्हणजे समोर लाइफबोट टांगलेली. थोडीशी अडत असेल आणि स्वस्त असेल तर सौदा चांगला आहे, पूर्ण अडत असेल तर नारिंगी बोटीचं पोट बघत बसायचं. आणि ओॲसिससारख्या अवाढव्य जहाजांवर काही बाल्कन्या समुद्राकडे नाही, आतल्या बागेकडे किंवा चौकाकडे उघडतात, नावात सेंट्रल पार्क किंवा बोर्डवॉक असतं. वाईट नाहीत, पण समुद्र दिसेल समजून घेऊ नका, आणि समोरच्यांना तुम्ही दिसता हे लक्षात ठेवून पडदा लावा.

गॅरंटी केबिन आणि अपग्रेडची बोली, यात पडावं का?

गॅरंटी म्हणजे वर्ग तुम्ही ठरवता, नंबर कंपनी देते, निघायच्या थोडं आधी. स्वस्त पडतं. जोडप्याने किंवा एकट्याने खुशाल घ्यावी. दोन खोल्या शेजारी हव्यात, आजी सोबत आहे, मळमळतं, असं काही असेल तर नको, कुठेही टाकतील.

बोलीचं असं की स्वस्त खोली बुक केल्यावर ईमेल येतो, वरच्या खोलीसाठी किती देता सांगा. बोली बहुतेक वेळा माणशी असते, खोलीची नाही, इथे लोक फसतात, १०० डॉलर टाकले म्हणजे दोघांचे २०० जातात. मंजूर झाली तरच पैसे कापतात पण मग नको म्हणता येत नाही, आणि खोली कुठली ते निवडता येत नाही. आधीच छान जागेची खोली निवडली असेल तर बोली लावूच नका, डिस्कोवरची बाल्कनी मिळेल.

एजंट म्हणतोय फक्त पाच हजारात बाल्कनी, घेऊ?

आधी विचारा, माणशी की खोलीचे, एका रात्रीचे की पूर्ण ट्रिपचे, टॅक्स धरून की सोडून. माणशी, रात्रीचे आणि टॅक्स सोडून असं उत्तर आलं तर चौघांच्या तीन रात्रींचे ६० हजार झाले आणि वर टॅक्स. पोर्टचे चार्ज सगळ्यांना सारखे असतात, खोली मोठी म्हणून ते वाढत नाहीत, तसं कुणी सांगत असेल तर दुसरा एजंट बघा. टिप मात्र सुइटला जास्त लागते, रॉयल कॅरिबियनमध्ये माणशी रोज अडीच डॉलरचा फरक असतो, सात रात्री, चार माणसं, ७० डॉलर. परदेशी पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे टूर कंपनी आधीच गोळा करते तो कर, एकूण रकमेवर लागतो, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो पण तोवर पैसे अडकतात.

चढल्यावर खोली आवडली नाही तर बदलून मिळते का?

जहाज भरलेलं असेल तर नाही. रिकाम्या खोल्या असतील तर पहिल्याच दिवशी, चढल्या चढल्या, रिसेप्शनला जाऊन विचारा, कधीकधी बऱ्यापैकी कमी दरात वरची खोली देतात, कारण जहाज निघालं की रिकामी खोली त्यांच्यासाठी वायाच. पण त्या भरवशावर मुद्दाम छोटी खोली घेऊन जाऊ नका, सुट्टीच्या दिवसांत तर अजिबात नको, दिवाळी आणि ख्रिसमसला एक खोली रिकामी नसते. आणि रिसेप्शनला जाताना बॅगा उघडू नका, हो म्हणाले तर परत भराव्या लागतात.